टेस्टबाई आणि मंगळवारी लागणारा दिवा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्टबाईंची एकतीस वर्षं गेली. त्यातले पहिले तीन महिने सोडले तर बाकी सगळा काळ कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांच्या लाइनीतली खरखर ऐकण्यात गेला. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव होतं, पण ते तिथून बाहेर फारसं पडलंच नाही. कुणाचा फोन मुका झाला, बोलता बोलता तुटायला लागला, शेजारच्यांचं भांडण त्यात ऐकू यायला लागलं, की लोक म्हणायचे, "टेस्टबाईंना सांगा." निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलेलं होतं.

खरं तर त्यांची भरती ऑपरेटर म्हणून झाली होती. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि बोलताना अडखळायच्या. 'नमस्कार'मधला न एकदा जिभेला चिकटला की सुटता सुटायचा नाही. पलीकडच्या माणसाला वाटायचं, लाइनच बिघडली. तो फोन आपटायचा आणि तक्रार नोंदवायचा. तीन महिन्यांत त्यांच्या एकटीच्या टेबलावर चाळीस धडधाकट लाइनी बिघडलेल्या निघाल्या. सुपरवायझरबाईंनी बोलावलं तेव्हा त्या मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवतच आत गेल्या. बाई कडक होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुला बोलता येत नाही असं नाही. तुला घाई करता येत नाही. अशी माणसं मला पलीकडच्या खोलीत हवी आहेत."

पलीकडची खोली म्हणजे टेस्टरूम. तिथे बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त. टेस्टबाई तिथे अशा रमल्या की दोनदा बढती आली ती त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवली.

लाइन कायमची मेली असेल तर बिघाड शोधणं सोपं, हे त्या पहिल्या वर्षातच शिकल्या. छळते ती मधूनमधून मरणारी लाइन. वायरमन जातो, तपासतो, सगळं ठणठणीत. त्याची पाठ वळली की पुन्हा शुकशुकाट. एका शिंप्याचा फोन रोज दुपारी बंद पडायचा. चार वायरमन हात हलवत परत आले. टेस्टबाईंनी शिंप्याला विचारलं, "काय होतं ते राहू द्या. कधी होतं ते सांगा." तीन वाजता, शिंपी म्हणाला, आणि फक्त उन्हाळ्यात. तीन वाजता खांबावरच्या लोखंडी पेटीवर ऊन यायचं, आतला सांधा तापून सुटायचा आणि संध्याकाळी गार झाला की आपला आपण जुळायचा. वायरमन सगळे सकाळी जात होते. शिंप्यानं टेस्टबाईंना ब्लाउज शिवून दिला, तो एका खांद्यावर जरा सैल होता. त्यांनी तो झिजेपर्यंत वापरला.

अशा या टेस्टबाईंच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जिना नाही. त्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे दोन बॅगा, एक काठी आणि एक रेडिओ घेऊन त्या मुलाच्या तळमजल्यावरच्या घरी आल्या. मुलगा पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचा. सून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. सकाळी सहाला तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि टेस्टबाईंना अंथरुणातच कळायचं, आज गाडी खुशीत आहे की कुरकुरते आहे.

गाडी सोळा वर्षांची. रंग शेवाळी, म्हणून घरात तिचं नाव बेडकी. सुनेनं नोकरी लागल्यावर स्वतःच्या हिमतीवर घेतलेली पहिली वस्तू म्हणजे ही बेडकी, तीही आधी दोन मालकांनी वापरलेली. तिच्या एका दाराला बाहेरून उघडायला दांडगाई लागायची, आणि मागची काच खाली गेली की वर येताना रुसायची. पण इंजिन एका हाकेत सुरू व्हायचं. सुनेचं म्हणणं, बाकी सगळं मी चालवून घेते.

सासू-सुनेचं तसं चांगलं होतं. भांडण कधी नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. "आई, चहा ठेवू?" "ठेव." "आई, गोळी घेतली का?" "घेतली." दोघीही एकमेकींना त्रास होऊ नये म्हणून इतक्या जपायच्या की एका घरात दोन पाहुण्या राहतायत असं वाटायचं.

दर मंगळवारी दुपारी सून त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे न्यायची. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. पहिल्याच मंगळवारी परत येताना डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा.

"हा कधीच लागला नव्हता," सून म्हणाली.

टेस्टबाईंनी दिव्याकडे बघितलं. मग कान देऊन इंजिन ऐकलं. इंजिन नेहमीसारखंच चाललं होतं. "आवाजात काही नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवशीच्या प्रवासातलं दोघींचं हेच सगळ्यात लांब संभाषण.

गाडी गेली मेस्त्रीकडे. टायरच्या दुकानामागच्या बोळात त्याचं गॅरेज होतं. उंच, हडकुळा माणूस. गिऱ्हाइकांशी मोजकं बोलायचा आणि गाड्यांशी भरपूर. बेडकीचं बॉनेट उघडून म्हणाला, "काय गं, काय दुखतंय?" मग स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली आणि पडद्यावर आलेला कोड वाचून सुनेला समजावलं. सायलेन्सरच्या पाइपात दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. धुरात प्राणवायू किती उरला ते हुंगायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं, एवढंच त्यांचं काम. पण थंड असताना त्यांना वास येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या पोटात एक छोटासा हीटर असतो. मागच्या सेन्सरचा हीटर बंद पडलाय असं गाडी म्हणते आहे.

"मग?"

"मग सेन्सर बदलू."

बदलला. दिवा गेला. पुढच्या मंगळवारी परतीच्या वाटेवर पुन्हा लागला. मेस्त्री म्हणाला, नवा मालच फुसका निघाला असणार, आणि दुसऱ्या बनावटीचा सेन्सर बसवला. मंगळवारी दिवा हजर. मग मेस्त्रीनं गाडी उचलून घेतली, पाइपाच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून धूर कुठे गळतो का ते पाहिलं, फ्यूज काढून उजेडात धरले, सेन्सरच्या सॉकेटपर्यंत करंट पोचतो का ते मीटर लावून बघितलं. पोचत होता. दोन दिवस तो स्वतः बेडकीतून घरी गेला आणि घरून आला. दिवा नाही म्हणजे नाही. पोरीला सासरी पाठवताना बापाचा चेहरा होतो तशा चेहऱ्यानं त्यानं किल्ली सुनेच्या हातात दिली. तो सोमवार होता. मंगळवारी संध्याकाळी सुनेचा फोन आला तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला, आणि ग्रीसचा ठसा दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहिला.

एरवी हा दिवा दुर्लक्ष करण्यासारखा होता. एक-दोन दिवसांनी तो आपोआप विझायचा. पण महिनाअखेरीस बेडकीची धुराची तपासणी होती, तारीख मिळाली होती ती नेमकी बुधवारची, आणि त्या केंद्रावर हा दिवा पेटलेला दिसला की ते गाडीच्या मागे नळी लावायचीसुद्धा तसदी घेत नाहीत. कागदावर 'नापास' लिहून परत पाठवतात. शिक्का नसेल तर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

"विकून टाकू," जेवताना मुलगा म्हणाला. "सोळा वर्षं झाली. किती दिवस तिचे लाड करायचे?"

जेवणं झाल्यावर सुनेनं चमचे धुवायला घेतले आणि चारच चमचे ती इतका वेळ धूत राहिली की टेस्टबाईंनी दोनदा स्वयंपाकघराकडे बघितलं.

वातावरण हलकं करावं म्हणून मुलगा म्हणाला, "मला तर वाटतं, आई बसली की दिवा लागतो. गाडीला सासूची धास्ती."

सून हसली. टेस्टबाईही हसल्या. पण खोलीत जाऊन पलंगावर टेकल्यावर ते वाक्य त्यांना टोचायला लागलं. गावभरच्या लाइनींचे दोष शोधण्यात जन्म गेला, आणि आता दोषाच्या जागी आपलंच नाव. पाच मिनिटं त्या रुसून बसल्या. सहाव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की मुलगा थट्टेत बोलला खरा, पण बोलला ते बरोबर आहे. चार मंगळवार, चार दिवे. इतर दिवशी एकही नाही. एक्स्चेंजमध्ये कुणी इतकी नेमकी तक्रार आणली असती तर त्यांनी त्याला खुर्ची दिली असती.

सकाळी त्यांनी सुनेकडे एक वही मागितली.

"कशाला, आई?"

"तुझ्या बेडकीची तक्रार नोंदवते."

सून कामावरून आली की टेस्टबाई वही उघडून तयार. आज किती फेऱ्या? पेट्रोल कुठे भरलं? पाऊस होता का? गाणी चालू होती का? दिवे, पंखा, काच वर की खाली? सून आधी गोंधळली. मग तिला गंमत वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी ती न विचारताच सांगत आली, "आई, आज नऊ घरं, एक कुत्रं अंगावर आलं, पेट्रोल अर्धी टाकी, काच बंद. कुत्रं लिहायचं का?"

"लिही म्हटलं तर लिहिते."

"लिहा. फार मोठं होतं."

टेस्टबाईंनी कुत्रं लिहिलं.

एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. दिवा नेहमी येतानाच का लागतो, जाताना का नाही? त्यांनी सुनेला मेस्त्रीचा नंबर लावायला सांगितला. मेस्त्री म्हणाला, "मावशी, गाडी एकदा चूक दिसली तर मनात ठेवते. लगेच बोलत नाही. पुढच्या फेरीतही तीच चूक दिसली की मग दिवा लावते. आणि नंतर तीन फेऱ्या सगळं नीट गेलं की दिवा विझवते."

फोन ठेवल्यावर टेस्टबाई खूश दिसल्या. "समजूतदार आहे तुझी गाडी," त्या सुनेला म्हणाल्या. "येताना दिवा लागतो म्हणजे बिघाड जातानाच झालेला असतो. म्हणजे तो त्या बाईंच्या दारात होत नाही. इथून निघतो तेव्हाच आपण त्याला बरोबर घेऊन निघतो."

पहिला संशय रस्त्यावर. व्यायामवाल्या बाईंच्या वाटेवर विटांचा जुना रस्ता लागायचा, त्यावर बेडकी पार खुळखुळायची. दिवा विझल्यावर सून मुद्दाम एकटी त्या रस्त्यानं गेली आणि आली. दिवा नाही. वहीत रस्त्यावर काट मारली.

"मग राहिले मी," टेस्टबाई म्हणाल्या.

"असं काय, आई."

"माझं वजन. मी बसले की गाडी त्या बाजूला दबत असेल, काहीतरी कशाला तरी घासत असेल. बघायला हवं."

शनिवारी सुनेला सुट्टी होती. कुंड्यांसाठी आणलेल्या मातीच्या दहा-दहा किलोच्या पिशव्या गच्चीच्या जिन्याखाली पडून होत्या. सून म्हणाली, "तुमच्याऐवजी या बसवू. किती लागतील?"

टेस्टबाईंनी आधी छप्पन्न सांगितलं. सुनेनं नुसतं बघितलं. "साठ," टेस्टबाई म्हणाल्या. सून बघतच राहिली. तिच्या धंद्यात रोज माणसांची वजनं लिहावी लागत. "एकसष्ट," टेस्टबाई म्हणाल्या, "आणि हे या घराबाहेर जायचं नाही."

मग सहा पिशव्या आणि वर साबणाच्या पावडरीचं एक किलोचं पाकीट अशा टेस्टबाई पुढच्या सीटवर बसवण्यात आल्या. सुनेनं त्यांना पट्टाही लावला. मुलगा दारात उभा राहून बघत होता. "आई, मातीनं तुझी जागा घेतली," तो म्हणाला, "आणि चेहराही शांत आहे."

"तू आत जा," दोघी एकदम म्हणाल्या.

सून मातीला घेऊन व्यायामवाल्या बाईंच्या दारापर्यंत गेली, इंजिन बंद करून अर्धा तास थांबली, आणि परत आली. टेस्टबाई फाटकापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. गाडी थांबायच्या आत सुनेनं काचेतून मान हलवली. दिवा नाही.

म्हणजे रस्ता नाही आणि वजनही नाही. टेस्टबाई काठी टेकत गाडीपाशी गेल्या. मुलगा म्हणतो ते खरंच असेल की काय, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि त्या स्वतःवरच हसल्या. सुनेनं दार जोर लावून उघडलं. आत मातीच्या पिशव्या ताठ बसलेल्या, डॅशबोर्डला जवळजवळ नाक लावून.

टेस्टबाईंनी काठीनं सीट आणि डॅशबोर्ड यांच्यातलं अंतर मोजलं.

"मी अशी बसत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"इथे मी बसले तर गुडघा छातीशी येईल. ही सीट इतकी पुढे कुणी ओढली?"

"नेहमी इथेच असते, आई. माझी नमुन्यांची पेटी सीटवर असते ना. सीट पुढे घेतली की पेटी सीटची पाठ आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये घट्ट बसते, वळणावर कलंडत नाही. फक्त मंगळवारी पेटी काढते आणि तुमचा पाय लांब व्हावा म्हणून सीट पार..." सून बोलता बोलता थांबली.

"मागे," टेस्टबाई म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग सून रस्त्यातच गुडघ्यावर बसली आणि सीटखाली डोकं घातलं. खाली कार्पेट होतं, एक हरवलेलं पेन होतं आणि कधीकाळचं एक चॉकलेट. बाकी काही दिसलं नाही. पण टेस्टबाईंचा चेहरा उजळला होता. तो चेहरा एक्स्चेंजमधल्या लोकांनी पाहिला असता तर त्यांनी वायरमनला सायकल काढायला सांगितली असती.

सोमवारी सकाळच्या फेऱ्या उरकून सून घरी आली आणि दोघी गॅरेजमध्ये गेल्या. तिथे तीन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली. अनोळखी माणसांसमोर बोलायचं म्हटलं की टेस्टबाईंची जीभ अजून जुना हिशेब काढायची. "मेस्त्री, तुम्ही स... स..." सीटमधला स अडकून बसला. बाकावरचा एकजण मदतीला धावला, "सेन्सर? सायलेन्सर?" मेस्त्रीनं त्याला हातानंच गप्प केलं, पाना खाली ठेवला आणि नुसता उभा राहिला, कुठेही जायचं नसल्यासारखा. टेस्टबाईंना तो माणूस तिथल्या तिथे आवडला.

"सीट मागे घेऊन तपासलंत का?" शेवटी त्या म्हणाल्या.

मेस्त्री विचारात पडला. "सेन्सर खाली पाइपात, मावशी. त्याचं सॉकेटही गाडीच्या पोटाखाली. सीटचा काय संबंध?"

"सॉकेटपासून वायर पुढे कुठे जाते?"

"तिथून वर. जमिनीला भोक आहे, रबरी बूच आहे, त्यातून आत येते आणि कार्पेटखालून..." मेस्त्रीचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तो बेडकीकडे वळला. "अगं बये," तो तिला म्हणाला.

त्यानं मीटर आणला. एक टोक कॉम्प्युटरच्या बाजूला त्या वायरीला जोडलं, दुसरं गाडीखाली झोपून सॉकेटमध्ये खोचलं. वायर सलग असेल तर मीटर वाजतो, तुटलेली असेल तर गप्प बसतो. मीटर एकसुरी वाजायला लागला. सीट पुढेच होती.

"बसा, मावशी."

टेस्टबाई बसल्या, गुडघा दुमडून, जेमतेम. मीटर वाजत होता. मेस्त्रीनं खालचा खटका ओढला आणि सीट हळूहळू मागे सरकवली. एक खाच, दुसरी खाच, तिसरी. टेस्टबाईंनी डोळे मिटले होते.

"थांबा," त्या म्हणाल्या.

"वाजतोय की अजून."

"वाजतोय, पण चिरका झालाय. आता अजून एक."

मेस्त्रीनं सीट आणखी एक खाच मागे नेली आणि मीटर गप्प झाला. पुढे घेतली, वाजला. मागे नेली, गप्प. बाकावरची तिन्ही गिऱ्हाइकं उठून जवळ आली होती. मेस्त्रीनं हे सहा-सात वेळा केलं, गरज नसताना, निव्वळ आनंदानं. टेस्टबाई सीटबरोबर पुढे-मागे होत राहिल्या आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

मग सीट काढली आणि कार्पेट उचललं. वायर तिच्या प्लॅस्टिकच्या क्लिपमधून सुटून सीटच्या रुळाला आडवी पडली होती. सीट पार मागे गेली की खालचा लोखंडी पाय तिला ओढून धरायचा. वरचं वेष्टण शाबूत, नुसतं चेपलेलं. मेस्त्रीनं ब्लेडनं ते उघडलं तर आतलं तांबं तुटलेलं. वायर सैल असली की दोन टोकं एकमेकांना टेकत, ताणली की दूर होत.

"मी महिनाभर पोटाखाली झोपून शोधत होतो," मेस्त्री म्हणाला. "आणि गाडी चालवून बघितली ती सीट जिथे होती तिथेच ठेवून. एकटाच होतो ना. पण ही क्लिपमधून सुटली कशी? अशी आपोआप सुटत नाही."

सून मघापासून कार्पेटकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"मी सोडवली असणार," ती म्हणाली. "आई यायच्या आदल्या आठवड्यात पेटीतला बर्फ वितळून सगळं पाणी खाली गेलं होतं. वास येईल, आईंना त्रास होईल, म्हणून मी सीट काढून कार्पेट उन्हात वाळवलं. परत घातलं तेव्हा काहीतरी खालून टोचत होतं. मी ते ढकललं आत."

टेस्टबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला. "माझ्यासाठीच केलंस की," त्या म्हणाल्या. "म्हणजे दिवा माझ्याचमुळे लागत होता. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

मेस्त्रीनं वायर झाळली, वर नवं वेष्टण चढवलं, नवी क्लिप लावून ती रुळापासून वीतभर दूर बांधली आणि वर कार्पेट असं थोपटून बसवलं जसं कुणाला तरी झोपवतो आहे. पुढच्या मंगळवारी सीट पार मागे, पाय लांब, टेस्टबाई व्यायामाला गेल्या आणि आल्या. येताना दोघींचं लक्ष रस्त्यावर कमी आणि डॅशबोर्डवर जास्त. फाटकाशी गाडी थांबली तरी दिवा लागला नाही. सून म्हणाली, "आई, आणखी एक चक्कर मारू?" आणि दोघी काही काम नसताना चौकापर्यंत जाऊन आल्या.

तपासणी केंद्रावरच्या माणसानं बेडकीला आधी नाक मुरडलं, मग नळी लावली, मग आकडे पाहून भुवया वर केल्या. महिन्याभरात दोनदा सेन्सर बदललेली सोळा वर्षांची गाडी त्याच्याकडे रोज येत नसणार. शिक्का मिळाला. मुलानं घरी तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि त्या रात्रीची भांडी आपण घासतो असं स्वतःहून जाहीर केलं. गाडी विकण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

तीन महिने भरले. व्यायामवाल्या बाईंनी टेस्टबाईंना दहा पायऱ्या चढायला आणि उतरायला लावल्या आणि म्हणाल्या, आता इथे यायची गरज नाही, फक्त डावा पाय रोज कामात ठेवा. टेस्टबाईंनी बॅगा भरल्या. सून दारात उभी राहून रेडिओची वायर गुंडाळत होती, आणि ती फारच सावकाश गुंडाळत होती.

"मंगळवारी दुपारी मी मोकळीच असते," ती म्हणाली. "म्हणजे, सवय झालीय. तर तुम्हाला कुठे जायचं असेल तर."

टेस्टबाईंनी विचार केला. "कुठे जायचं असं नाही," त्या म्हणाल्या. "पण डावा पाय कामात ठेवायचा म्हणतात. क्लच डाव्याच पायानं दाबतात ना?"

सुनेला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तिनं रेडिओ खाली ठेवला.

शहराबाहेर बंद पडलेल्या काचकारखान्याचं मोकळं पटांगण आहे. पुढच्या मंगळवारी दुपारी बेडकी तिथे होती आणि सहासष्ट वर्षांच्या टेस्टबाई स्टिअरिंगमागे. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा ती सशासारखी उड्या मारत वीस पावलं गेली. सून शेजारी बसून दाराची मूठ घट्ट धरून म्हणत होती, "छान, आई, छान, जरा हळू सोडा." पाचव्यांदा टेस्टबाईंनी तिला गप्प राहायची खूण केली, डोळे समोर ठेवले आणि इंजिनाचा आवाज जाडा होईपर्यंत पाय तसाच धरून ठेवला. मग अलगद सोडला. बेडकी निघाली. पटांगणाच्या कडेनं, कुंपणाला धरून, एक पूर्ण फेरी झाली, मग दुसरी.

"दुसरा गिअर टाकायचा का?" सुनेनं विचारलं.

"थांब," टेस्टबाई म्हणाल्या. "यातच मजा येते आहे."